ब्रिटनमध्ये कायमचं राहायचंय? मग इंग्रजीची ‘बी१’ अट नेमकी काय मोजते ते समजून घ्या

ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरांत पाचवं वर्ष जवळ आलं की एक प्रश्न हमखास निघतो. “आयएलआरसाठी आता परत इंग्रजीची परीक्षा द्यायची का? आणि बायकोचं काय?” मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा जण दहा उत्तरं देतात. कोणी म्हणतं आयएल्ट्स द्या, कोणी म्हणतं डिग्री दाखवा, कोणी म्हणतं आमच्या वेळी काहीच लागलं नव्हतं.

मी स्वतः पुण्यात इंजिनिअरिंग करून इथे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही घरचा आहे. नियम वाचताना जाणवलं की हे सगळं एखाद्या लॉगिन सिस्टीमसारखं आहे. अट काय, पुरावा काय, तो पुरावा कोण तपासतं आणि तपासणारी यंत्रणाच चुकली तर काय होतं, असे चार भाग केले की सगळं सोपं होतं. तर त्याच क्रमाने पाहू.

आधी दोन शब्द वेगळे करू

आयएलआर म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना. पासपोर्ट भारताचाच राहतो, फक्त व्हिसाची मुदत संपण्याची टांगती तलवार जाते. नागरिकत्व ही त्यापुढची पायरी. साधारणपणे आयएलआर मिळाल्यावर १२ महिने थांबावं लागतं. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल तर ही थांबण्याची अट नसते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय कार्ड काढतात. म्हणूनच आपले बरेच लोक आयएलआरवरच थांबतात.

इंग्रजीची अट मात्र या दोन्ही पायऱ्यांवर आहे.

एक नाही, दोन परीक्षा

इथेच पहिला गोंधळ होतो. १८ ते ६४ वयाच्या अर्जदाराला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात.

१. बोलण्याचं आणि ऐकून समजण्याचं इंग्रजी, किमान बी१ पातळीचं.
२. ‘लाइफ इन द यूके’ ही सामान्यज्ञानाची परीक्षा. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, पास व्हायला १८ उत्तरं बरोबर यावी लागतात. फी ५० पौंड.

हे एका दिवसात आलेलं नाही. लाइफ इन द यूके परीक्षा नागरिकत्वासाठी नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली आणि आयएलआरसाठी एप्रिल २००७ मध्ये. त्या काळात बहुतेकांना एकच काहीतरी पुरायचं. २८ ऑक्टोबर २०१३ पासून दोन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या. “आमच्या वेळी नव्हतं” म्हणणारे काका खोटं बोलत नाहीत, ते फक्त जुन्या आवृत्तीबद्दल बोलतायत.

एक गंमत सांगतो. १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यात फक्त इंग्रजी लिहिलेलं नाही. इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी एका भाषेचं पुरेसं ज्ञान, असे ते शब्द आहेत. लाइफ इन द यूके परीक्षाही वेल्समध्ये वेल्शमधून आणि स्कॉटलंडमध्ये गेलिकमधून देता येते. आपल्यापैकी कोणी तसं करेल असं नाही, पण कायद्याने देशातल्या तीन भाषा धरल्यात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता बारकावा. पहिल्या परीक्षेत वाचन-लेखन नाही, फक्त बोलणं आणि ऐकणं. पण दुसरी परीक्षा कॉम्प्युटरवर, इंग्रजी वाचून द्यायची असते आणि तिच्यासाठी इतिहास, संसद, कायदा असं सगळं असलेलं एक अख्खं पुस्तक वाचावं लागतं. म्हणजे कागदावर वाचनाची अट नाही, प्रत्यक्षात ती दुसऱ्या दाराने येते. घरात कोणाचं बोलणं बरं पण वाचन कच्चं असेल, तर जास्त वेळ या दुसऱ्या परीक्षेला द्या.

बी१ म्हणजे किती इंग्रजी?

‘बी१’ हा शब्द ब्रिटिश सरकारचा नाही. काउन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ मध्ये भाषा शिकण्या-शिकवण्यासाठी एक समान मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात सहा पायऱ्या आहेत: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे नाव-गाव-फळ-फूल छाप ओळख आणि सी२ म्हणजे भाषेवर पूर्ण पकड.

बी१ मधोमध येतं. ओळखीच्या विषयावर बोलता येणं, प्रवासात अडचण आली तर निभावून नेणं, झालेला प्रसंग सांगता येणं, आपल्या मताचं कारण थोडक्यात देता येणं. डॉक्टरला “काल रात्रीपासून दुखतंय, गोळी घेतली पण फरक नाही” हे सांगता आलं आणि त्याचा पुढचा प्रश्न समजला, तर तुम्ही त्या आसपास आहात. व्याकरण चुकलं तरी चालतं, अर्थ पोचायला हवा. मराठी वळणाचे उच्चारही चालतात. समोरच्याला कळलं पाहिजे, बीबीसीसारखं बोलायची गरज नाही.

ही पट्टी मुळात शिकणाऱ्याने आपली प्रगती मोजावी म्हणून बनवली होती. तिचा वापर दार उघडायचं की नाही हे ठरवायला नंतर सुरू झाला. सॉफ्टवेअरमध्ये आपण हे नेहमी बघतो. एका कामासाठी बनवलेला आकडा दुसऱ्या कामासाठी अट म्हणून लावला की तो थोडा खडबडीत बसतो.

आमची इंग्रजी मीडियमची डिग्री चालते का?

चालते, पण आपोआप नाही.

ज्या देशांच्या नागरिकांना इंग्रजीच्या पुराव्यातून सूट आहे त्यांची एक यादी आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका वगैरे तिच्यात आहेत. भारत त्यात नाही. त्यामुळे “आम्ही शाळेपासून इंग्रजीत शिकलो” हे वाक्य अर्जात काही कामाचं नाही.

ब्रिटनमध्येच डिग्री घेतली असेल तर तेच सर्टिफिकेट पुरावा ठरतं. भारतातली डिग्री असेल तर ईक्टिस या संस्थेकडून दोन गोष्टींची खातरजमा करून घ्यावी लागते. ही डिग्री ब्रिटनच्या डिग्रीच्या तोडीची आहे का, आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली का. ईक्टिसचं जुनं नाव नारिक, त्यामुळे जुन्या पोस्टमध्ये ते नाव दिसलं तर गोंधळू नका. कॉलेजने दिलेलं ‘मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन’चं पत्र हा ईक्टिसला द्यायचा कागद आहे. तो थेट होम ऑफिसला पाठवून भागत नाही.

आणखी एक सोय आहे. स्किल्ड वर्कर व्हिसा घेताना तुम्ही लागणाऱ्या पातळीचं इंग्रजी एकदा सिद्ध केलं असेल, तर आयएलआरच्या वेळी पुन्हा परीक्षा द्यायला नको. आयएलआरला वापरलेलं बी१ सर्टिफिकेट मुदत संपलेली असली तरी नागरिकत्वाला चालतं. लाइफ इन द यूकेचा निकाल तर कधीच जुना होत नाही.

मग अडकतं कोण?

नोकरी करणारा माणूस यातून बहुतेक वेळा सुटतो. अडकतो तो डिपेंडंट व्हिसावर आलेला जोडीदार. या व्हिसावर येताना इंग्रजीचा पुरावा मागत नव्हते, त्यामुळे आधीचं सिद्ध केलेलं काहीच हाताशी नसतं. थेट पाच वर्षांनी बी१ समोर उभं राहतं.

माझ्या एका मित्राच्या घरी हेच झालं. वहिनी सांगलीच्या, बीए मराठी माध्यमातून झालेल्या. मुलाच्या शाळेत, दुकानात, शेजारी सगळं इंग्रजीत निभावतात. पण ‘परीक्षा’ म्हटल्यावर त्यांनी आयएल्ट्सचं जाड पुस्तक आणलं आणि निबंध लिहायचा सराव सुरू केला. दोन महिने रोज रात्री भांडी आवरून त्या बसायच्या आणि रोज थोड्या निराश व्हायच्या. “भाऊजी, माझ्याच्यानं काही हे व्हायचं नाही,” म्हणाल्या. त्यांना मुळात निबंध लिहायचाच नव्हता! त्यांच्या अर्जाला लागणारी परीक्षा दहा मिनिटांची, समोरासमोर बोलण्याची होती. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

जोडीदार पास झाला नाही तर घर मोडत नाही, पण खर्च वाढतो. एकाला आयएलआर मिळतो आणि दुसऱ्याला डिपेंडंट व्हिसा वाढवून घ्यावा लागतो. त्यावर वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज लागतो. चुकीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट जोडून अर्ज फेटाळला गेला तर त्याची फीही जाते. एप्रिल २०२५ मध्ये आयएलआरची फी माणशी ३,०२९ पौंड झाली होती. म्हणून योग्य परीक्षा निवडणं हे अभ्यासाइतकंच महत्त्वाचं आहे.

कोणती परीक्षा द्यायची?

सरकारमान्य परीक्षेला ‘सेल्ट’ म्हणतात. ट्रिनिटी कॉलेज लंडन, आयएल्ट्स, पिअरसन, लँग्वेजसर्ट अशा ठरावीक संस्थांच्या, ठरावीक नावाच्या, ठरावीक केंद्रांवर दिलेल्या परीक्षाच चालतात. इथे तीन सापळे आहेत.

पहिला, साधी आयएल्ट्स चालत नाही. नावात ‘यूकेव्हीआय’ किंवा ‘लाइफ स्किल्स’ असलेलीच चालते. प्रश्नपत्रिका सारखी वाटली तरी केंद्र आणि ओळख तपासण्याची पद्धत वेगळी असते.

दुसरा, ड्युओलिंगोची घरबसल्या परीक्षा काही विद्यापीठं घेतात, पण आयएलआर आणि नागरिकत्वासाठी ती बाद.

तिसरा, पातळी. जोडीदार व्हिसासाठी दिलेली ए१ किंवा ए२ पुढे चालत नाही, बी१ नव्याने द्यावी लागते.

फक्त बोलणं-ऐकणं असलेल्या दोन परीक्षा लोक जास्त घेतात: ट्रिनिटीची जीईएसई ग्रेड ५ आणि आयएल्ट्स लाइफ स्किल्स बी१. पहिलीत तुम्ही आणि परीक्षक दोघेच, साधारण दहा मिनिटं. दुसरीत आणखी एक उमेदवार असतो आणि वेळ २२ मिनिटं. निकाल पास किंवा नापास. बँडबिंड काही नाही.

निकालाबरोबर एक युनिक रेफरन्स नंबर मिळतो. खरा पुरावा तो आहे. अधिकारी तो नंबर टाकून परीक्षा संस्थेच्या नोंदीत पाहतो. कागद सुंदर लॅमिनेट करून उपयोग नाही, नंबर बरोबर लिहा. सेल्टची मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे खूप आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

त्या दहा मिनिटांत काय होतं?

ग्रेड ५ मध्ये दोन भाग असतात. पहिल्यात तुम्ही निवडलेला विषय. त्याचे पाच मुद्दे तयार करून न्यायचे. दुसऱ्यात परीक्षक ठरावीक यादीतले विषय काढतो: सण, वाहतूक, संगीत, मनोरंजन, खास प्रसंग, अलीकडचे अनुभव. या भागात तुम्हीही परीक्षकाला निदान एक प्रश्न विचारायचा असतो. आपल्याकडे शाळेत सरांना प्रश्न विचारायची सवय नसते, म्हणून हे आवर्जून लक्षात ठेवा.

वहिनींनी विषय घेतला गौरी-गणपती. आधी त्यांनी सगळं पाठ केलं, अगदी भाषणासारखं. मी परीक्षक होऊन मध्येच विचारलं, “मोदक कोणी शिकवले?” की गाडी रुळावरून खाली. मग आम्ही पाठांतर बंद केलं आणि रोज वेगळा प्रश्न घेतला. पाठ केलेलं बोलणं परीक्षकाला लगेच कळतं, कारण तो मुद्दाम मध्ये बोलतो. प्रश्न समजला नाही तर “पुन्हा सांगाल का?” हे इंग्रजीत विचारा. गप्प बसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

सॉफ्टवेअर ऐकतं तेव्हा

पिअरसनच्या पीटीई अ‍ॅकॅडमिकसारख्या परीक्षांत बोलण्याचे गुण देण्याचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं. आधी माणसांनी गुण दिलेली हजारो उत्तरं त्याला दाखवलेली असतात. मग ते नव्या आवाजातले शब्द ओळखतं, उच्चार आणि बोलण्याचा ओघ मोजतं आणि माणसाने किती गुण दिले असते याचा अंदाज बांधतं. ते थकत नाही आणि तुमचं आडनाव बघत नाही. पण तुमच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून प्रश्न सोपाही करत नाही. विचार करायला लांब थांबलात तर त्याला फक्त शांतता ऐकू येते. ज्यांना माणसाशी बोलताना धीर येतो त्यांनी परीक्षकासमोरची परीक्षा घ्यावी, असं माझं मत.

यंत्राने ‘हा आवाज तुमचा नाही’ म्हटलं तर?

या अटीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. आज केंद्रांवर इतकी कडक तपासणी का असते, त्याचं उत्तर इथे आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने लंडनमधल्या टोइक परीक्षेतला घोटाळा दाखवला. उमेदवारांच्या जागी दुसरेच लोक बोलत होते, उत्तरं वाचून दाखवली जात होती. फसवणूक खरी होती. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेने २०११ ते २०१४ मधली रेकॉर्डिंग्ज आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली. वेगवेगळ्या नावांच्या फायलींत एकच आवाज सापडला की ती फाइल संशयित. मग दोन प्रशिक्षित माणसं ती ऐकून निर्णय द्यायची.

ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१९ च्या अहवालात आकडे दिले. एकूण ५८,४५८ चाचण्या. त्यातल्या ३३,६६३ अवैध, २२,४७६ शंकास्पद. संशय नाही अशा फक्त २,३१९. हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले किंवा नाकारले गेले आणि त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. खटले वर्षानुवर्षं चालले. काही जण जिंकले. २०२२ मध्ये अप्पर ट्रिब्युनलने हा पुरावा एकंदरीत भक्कम असल्याचं सांगितलं, पण त्याला उत्तर द्यायची संधी प्रत्येकाला राहते.

इंजिनिअर म्हणून मला इथे दोन गोष्टी दिसतात. एक, चुकीचा इशारा. समजा ५८ हजारांत २० हजार लोक प्रामाणिक होते आणि यंत्रणा प्रामाणिक माणसाला फक्त शंभरात एकदा चुकीचं ठरवते. आकडा छान वाटतो, पण तरी २०० निरपराध माणसं यादीत येतात. दोन, तुलना कशाची कशाशी झाली? फायलींची फायलींशी. त्या नावाच्या खऱ्या माणसाच्या आवाजाशी नाही. फाइलच चुकीच्या नावाला जोडली गेली असेल, तर सॉफ्टवेअर कितीही अचूक असो, उत्तर चुकीच्या माणसाला लागू होतं.

एप्रिल २०१५ पासून सेल्टची रचना बदलली: मोजक्या संस्था, सुरक्षित केंद्रं, कडक ओळखतपासणी. त्यामुळे केंद्रावर फोटो काढला, पासपोर्ट तीनदा पाहिला, तर चिडू नका. ती नोंद उद्या तुमचाच बचाव आहे. बुकिंगचे ईमेल, निकाल आणि रेफरन्स नंबर वर्षानुवर्षं जपून ठेवा.

पुढे काय बदलतंय?

मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने आयएलआरसाठी बी१ ऐवजी बी२, प्रौढ डिपेंडंटना येतानाच ए१ आणि कायम राहण्याची पाच वर्षांची मुदत साधारण दहा वर्षं करणं, असे प्रस्ताव मांडले. नव्या स्किल्ड वर्कर अर्जदारांसाठी बी२ ची अट ८ जानेवारी २०२६ पासून ठरली. बी१ आणि बी२ मध्ये एका अक्षराचाही फरक नाही, पण अंतर मोठं आहे. बी२ म्हणजे अमूर्त विषयावर न अडखळता चर्चा. म्हणून अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा नियम स्वतः वाचा, ग्रुपवरचा स्क्रीनशॉट नाही.

थोडक्यात करायच्या गोष्टी

- घरातल्या प्रत्येक प्रौढाचा पुरावा वेगळा मोजा. तुमची डिग्री जोडीदाराच्या कामाची नाही.
- आधी डिग्रीचा मार्ग पाहा, मग परीक्षेचा.
- बुक करण्याआधी परीक्षेचं पूर्ण नाव आणि पातळी सरकारी यादीशी जुळवा.
- लाइफ इन द यूकेला वेगळा वेळ ठेवा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते.
- ६५ आणि त्यावरील वयाच्या ज्येष्ठांना आणि दीर्घ आजारामुळे परीक्षा देऊ न शकणाऱ्यांना सूट आहे. आजारासाठी डॉक्टरांचा पुरावा लागतो.
- जवळच्या कॉलेजात ‘ईसॉल’ नावाचे इंग्रजीचे वर्ग असतात. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या माणसाने चौथ्या वर्षापर्यंत थांबू नये, पहिल्याच वर्षी चौकशी करावी.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरात एकजण दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलतो आणि दुसरा दिवसभर घरात मराठी. पाच वर्षांनी दोघांच्या इंग्रजीत जो फरक पडतो तो बुद्धीचा नसतो, मिळालेल्या संधीचा असतो. बँकेचा फोन, डॉक्टरची अपॉइंटमेंट, शाळेची पालकसभा ही कामं सुरुवातीपासून वाटून घेतली, तर बी१ चा बराच अभ्यास आपोआप होतो. आणि परीक्षा नसती तरी ते उपयोगाचंच होतं.